अनुदान-अर्जातील चौथा रकाना

सार्वजनिक आरोग्य-योजनांच्या आंतरराष्ट्रीय अनुदान-अर्जांत आढळणारा ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ हा तक्ता १९६९ साली अमेरिकेच्या ‘यूएसएड’साठी सिद्ध झाला. उद्दिष्टे, निर्देशक व पडताळणीची साधने हे त्याचे तीन रकाने अर्जदार काळजीपूर्वक भरतात. ‘गृहीतके’ हा चौथा मात्र बहुधा उपचारापुरता उरतो. वस्तुतः अर्जाचे मर्म तेथेच असते. हिवतापाविरुद्ध मच्छरदाण्या वाटल्या, हे नोंदवहीवरून सिद्ध होते. माणसे त्यांत रोज निजतील, हे केवळ गृहीत धरलेले असते. उकाड्यात, अपुऱ्या जागेत ती का निजत नाहीत, हा खरे पाहता योजनेचाच विषय होय. तो गृहीतकांत ढकलून अपयशाचा भार लोकांवर टाकणारा अर्ज, कितीही रेखीव असला, तरी सदोषच मानला पाहिजे. परीक्षकांनी वाचनास आरंभ चौथ्या रकान्यापासूनच करावा.