घरटी मोजली, पण पिल्लं?

‘शिकारी पक्ष्यांनी शहराशी जुळवून घेतलंय’ हे वाक्य मीही सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं. पुरावा काय, तर शहरात घरटी भरपूर. गाईडनी त्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढून कागद परत दिला. उत्तर शोधताना हाती लागला तो पेट्रा सुमासगुटनर आणि सहकाऱ्यांचा व्हिएन्नातल्या केस्ट्रेलवरचा, म्हणजे आपल्या खरुचीवरचा, 2014 चा पेपर.

व्हिएन्नाच्या जुन्या मध्यवर्ती भागात इमारतींना कपारी पुष्कळ, म्हणून खरुचीची घरटीही दाट. मी इथेच थांबले होते. या लोकांनी जमिनीचा किती भाग बांधकामाखाली आहे त्यावरून शहराचे टप्पे पाडले आणि घरट्यांतून किती पिल्लं उडाली, त्यांना काय भरवलं गेलं, हे तपासलं. मध्यभागी पिल्लं कमी निघाली. खरुचीला उंदीरवर्गातले प्राणी हवेत आणि ते मिळतात मोकळ्या गवतात. दाट वस्तीत ती लहान पक्ष्यांवर भागवते. हवेत एका जागी फडफडत खाली नजर लावणाऱ्या पक्ष्याला तो धंदा महागच पडणार! घराची सोय आणि पोटाची सोय वेगळी करून दाखवली, हे या पेपरचं खरं काम. (दाटी म्हणजे चांगला अधिवास नव्हे, हे व्हॅन हॉर्नने 1983 मध्येच लिहिलं होतं. आपण ते सायटेशनपुरतं वाचतो.)

तरी शीर्षक मला जरा घाईचं वाटतं. अन्न अपुरं म्हणून पिल्लं कमी, हे पटतं. पण तो निरीक्षणातून जोडलेला संबंध आहे, काही घरट्यांना जादा खाद्य देऊन पाहिलेलं नाही. शिवाय उडालेलं पिल्लू म्हणजे जगलेलं पिल्लू नव्हे. अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये शिक्र्याचा भाऊबंद कूपर्स हॉक पारवे-होले खातो. घरट्यातली निम्म्याहून अधिक पिल्लं मेल्याचं, आणि त्यातले बहुतेक मृत्यू त्यांच्यातून येणाऱ्या ट्रायकोमोनासच्या रोगाने झाल्याचं बोल आणि मॅनन यांनी 1999 मध्ये मांडलं. शहर म्हणजे सापळाच, असं वाटलं. पण 2008 मध्ये घरट्याबाहेर पडल्यानंतरच्या जगण्याचा हिशेब जोडल्यावर तिथली संख्या घटत नसल्याचं दिसलं.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी खोडलंय. आता पिल्लांच्या पायात कडी घालायची तर वन खात्याची परवानगी हवी, आणि फेलोशिपची अडीच वर्षं उरलीत.