पडद्यावरचा सर्पदंश आणि शिराळ्याचा वर्ग

‘हाऊस’ या अमेरिकन वैद्यकीय मालिकेतील ‘थ्री स्टोरीज’ हा 2005 सालचा भाग विशेष गाजला. त्याच्या लेखनासाठी डेव्हिड शोअर यांना एमी पुरस्कारही मिळाला. डॉक्टर हाऊस वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाय दुखणाऱ्या तीन रुग्णांच्या कथा सांगतो. त्यातला एक शेतकरी. त्याला साप चावला असावा असे समजून प्रतिविष दिले जाते, पण गुण येत नाही. अखेर कळते की चावा सापाचा नव्हता, त्याच्याच कुत्र्याचा होता आणि जखमेत मांस कुजवणारे जीवाणू शिरले होते.

शिक्षकांनी हा भाग जरूर पाहावा. अंदाज बांधायचा, तो खरा असेल तर काय दिसायला हवे हे ठरवायचे आणि तसे न दिसल्यास तो सोडून द्यायचा, ही विज्ञानाची रीत त्यात चांगली उतरली आहे. विद्यार्थी चुकीची उत्तरे देतात आणि त्या चुकांवरच कथा पुढे सरकते. असे वर्ग आपल्याकडे किती भरतात?

पण हाच भाग शिराळ्याच्या शाळेत दाखवायचा झाला तर तीन गोष्टी सांगाव्याच लागतील.

पहिली म्हणजे, आपल्याकडचा धोका नेमका उलटा आहे. मालिकेत सापाचा संशय खोटा ठरतो. इथे साप चावूनही संशयच येत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना फारशी नसते, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडू लागतो. घरचे मात्र ‘काही बाधलं असेल’ म्हणत ओवा देत बसतात.

दुसरी गोष्ट, सापाचा शोध घेण्याची. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ते मिळवतात. त्यामुळे साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला दंश होण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट नाट्याची. मालिकेला एक बुद्धिमान नायक लागतो. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठते की नाही हे पाहायला मात्र कोरडी, स्वच्छ काचेची नळी, 2 मिली रक्त आणि 20 मिनिटे पुरतात. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले, तर विष भिनले आहे. यात नाट्य काहीच नाही, पण यानेच जीव वाचतात.

हे सारे इतके महत्त्वाचे का? 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. शिराळ्याची नागपंचमी तर सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या जिवंत नागांच्या पूजेवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले, पण नाग इथल्या मुलांना परका नाही. मात्र ओळख म्हणजे ज्ञान नव्हे. नागाला भाऊ मानणाऱ्या घरातही दंशानंतर काय करावे हे माहीत असतेच असे नाही.

म्हणून एक सुचवतो. शेतकऱ्याची कथा सांगताना मध्येच थांबा आणि विचारा, “हा माणूस आपल्या तालुक्यातला असता तर आधी काय केलं असतं?” कुणी घट्ट दोरी बांधील, कुणी जखम कापून विष चोखील, कुणी मांत्रिकाकडे नेईल. प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहा आणि त्याने काय होईल याची चर्चा करा. शेवटी इतकेच उरेल: धीर द्यायचा, दंश झालेला अवयव हलू द्यायचा नाही आणि तडक रुग्णालय गाठायचे. हे मुलांनी स्वतः शोधले, तर ते घरापर्यंत पोचेल.