स्थौल्याचे माप: चरक, केतले आणि पुण्यातील संशोधन

स्थौल्य मोजावे कशाने, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो आधी व्याख्येचा आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा हीच आज दवाखान्यांतून स्थौल्याची व्याख्या होऊन बसली आहे. हे गुणोत्तर बेल्जियमचा गणिती व ज्योतिर्विद अदोल्फ केतले याचे. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने 'सरासरी मनुष्य' कल्पिला. रुग्णाचे निदान हा त्याचा हेतूच नव्हता. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी निरोगी पुरुषांच्या मोजमापांवरून त्याच गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. ते सर्वथा समाधानकारक आहे, असे मात्र त्यांनीही म्हटले नाही. समूहाचे माप व्यक्तीला लावण्याची घाई पुढच्यांची.

या संदर्भात चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा 'अष्टौनिन्दितीय' अध्याय पुन्हा वाचण्यासारखा आहे. तेथे तुला नाही. मेदमांसाच्या अतिवृद्धीने ज्याचे नितंब, उदर व स्तन हालतात आणि शरीराच्या वाढीशी ज्याच्या उत्साहाचा मेळ राहत नाही, तो अतिस्थूल. मेद किती, यापेक्षा तो कोठे साठला आणि त्याने सामर्थ्याचे काय केले, यांवर ग्रंथकाराची दृष्टी आहे. याहूनही मोलाचे आहे ते भुकेचे विवेचन. मेदाने मार्ग रुद्ध झाले की वायू कोठ्यातच फिरून अग्नीला चेतवतो. अन्न लवकर जिरते आणि पुन्हा खावेसे वाटते. म्हणजे अतिभोजन हे स्थौल्याचे कारण तसेच कार्यही ठरते. कारणांच्या यादीत दिवसाझोप व व्यायामाचा अभाव यांबरोबर बीजस्वभावही गणला आहे. म्हणूनच पथ्य केवळ लंघनाचे नाही. पचावयास जड, परंतु पोषणास कमी अशा अन्नाचे आहे. उपासांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा भेद अवश्य ध्यानी घ्यावा.

तथापि या अध्यायाची स्तुती करून थांबणे योग्य नव्हे. रोग्याला निंद्यांच्या पंक्तीत बसविण्याची त्याची रीत आज मान्य होणार नाही. शिवाय स्थौल्य व कार्श्य यांत तो कार्श्याला उजवे ठरवतो. उलट चिकित्सास्थानातील प्रमेहाच्या प्रकरणात स्थूल व बलवान प्रमेह्याशेजारी कृश व दुर्बल प्रमेहीही उभा आहे. दिसावयास कृश, पण आतून मेदस्वी असा तिसरा मनुष्य मात्र दोहोंतही नाही.

तो पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपलेच दोन देह वाचकांपुढे ठेवले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी, २००३ मध्ये, पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी झाली होती. सरासरी वजन येथे सुमारे २.७ किलो, तेथे ३.५, तरी येथील बाळांचे स्नायू जितके उणे, तितका त्वचेखालचा मेद उणा नव्हता. जी प्रवृत्ती गर्भातच दिसते तिचा दोष पुढे प्रौढाच्या जिभेवर लादणे कितपत न्याय्य? हा प्रश्न मातेच्या ताटापर्यंत जातो.

२००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ हा सावधानतेचा आकडा सुचविला. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थौल्य मानले. परंतु २२.३ हा आकडा याही रेषेखालीच राहतो! रेषा खाली ओढल्याने माप बदलत नाही. त्याच तज्ज्ञांनी कमरेच्या घेरालाही मर्यादा घातली, पुरुषांस ९० सेंटिमीटर व स्त्रियांस ८०. ती अधिक मार्मिक होय. मराठीत 'पोट सुटले' म्हणतात, 'वजन सुटले' कोणी म्हणत नाही; बोलीने जागा अचूक हेरली आहे.

प्रतिबंधाच्या बाबतीतही काटा अपुराच पडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चेन्नईच्या रामचंद्रन यांच्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला मिळाला, त्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह जडला; ज्यांच्या आहारविहारात नेटाने पालट केला, त्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले, आणि तेही वजनात लक्षणीय घट न होता. काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात चालणे सोडून देणारा रुग्ण नेमक्या याच लाभाला मुकतो.