विनरचे पूल आणि विनरचे टोमॅटो

'तंत्रज्ञान आणि समाज' असा विषय निघाला की एक गोष्ट तुमच्या कानावर येणारच. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रॉबर्ट मोझेसने रस्त्यांवरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधले. कशासाठी, तर खालून बस जाऊ नये आणि बसने फिरणारे गरीब, कृष्णवर्णीय लोक जोन्स बीचला पोचू नयेत. मीही ही गोष्ट सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाकली होती. सादरीकरणात एका परीक्षक मॅडमनी विचारलं, "मूळ निबंध वाचलाय का तुम्ही?" मी मान डोलावली. वाचला नव्हता. आणि ते त्यांना कळलं असणार.

निबंध आहे लँग्डन विनरचा, १९८० मध्ये 'डेडॅलस'मध्ये आलेला. वस्तूंना राजकारण असतं का, हा प्रश्न शीर्षकातच आहे. त्यातली पुलांची गोष्ट विनरची स्वतःची नाही. रॉबर्ट कॅरोने १९७४ मध्ये लिहिलेल्या मोझेसच्या चरित्रातून ती घेतलीय. १९९९ मध्ये बर्नवर्ड योर्गेसने ती उलटतपासली. त्याचा मुख्य मुद्दा साधा आहे: त्या पार्कवेंवर बस आणि मालवाहू गाड्यांना मुळात बंदीच होती. मग पूल उंच बांधले असते तरी बस गेली असती का?

इथे बरेच जण 'चला, विनर खोटा ठरला' म्हणून पुस्तक मिटतात. मला ते पटत नाही. नियम एका सहीने बदलतो, पूल बदलायला तो पाडावा लागतो. मोझेसच्या मनात काय होतं हे सिद्ध झालं नाही तरी पुलाची उंची तीच राहते. पण योर्गेसमुळे एक गोष्ट सुटत नाही: फक्त काँक्रीटकडे बघून सत्ता कुठे बसलीय ते सांगता येत नाही. परवाने आणि नियमही वाचावे लागतात.

माझी खरी तक्रार विनरवर नाही, त्याच्या वाचकांवर आहे. त्याच निबंधात, पुलांच्या पुढे, कॅलिफोर्नियातल्या टोमॅटो काढणी यंत्राचं उदाहरण आहे. ते फारसं कोणी सांगत नाही, कारण त्यात खलनायक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्र बनवलं. यंत्राचा मार सोसेल असा टणक टोमॅटोही पैदास करून काढला. चव गेली ती गेली. एकेका यंत्राची किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर, म्हणजे परवडणार मोठ्या शेतकऱ्यालाच. विनरच्या आकड्यांनुसार १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टोमॅटो पिकवणारे सुमारे ४,००० होते, १९७३ मध्ये उरले ६०० च्या आसपास. कट कोणाचाच नव्हता, हे विनर स्वतःच सांगतो. पण प्रत्येक टप्प्यावर संशोधन ज्या बाजूला झुकलं, ती बाजू आधीच बळकट होती.

आता यावरही प्रश्न विचारा. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणणारा ब्रासेरो करार १९६४ अखेर संपला आणि त्यानंतर यंत्र झपाट्याने पसरलं. मग ४,००० चे ६०० यंत्राने केले की मजूर धोरणाने? दोन्ही वेगळं काढणं अवघड आहे, आणि प्रबंधाचं काम तिथेच असतं.

माझा विषय ऊसतोडणी यंत्र. पूल डोक्यात ठेवून मी शेतावर गेलो तेव्हा सगळ्यांना एकच विचारत होतो, 'हे कोणाला हटवण्यासाठी आणलंय?' लोक चक्रावून बघायचे. मुकादमाकडून उचल घेऊन येणारं कोयत्याचं जोडपं यंत्रामुळे कुठे जाणार, हा प्रश्न मोठाच आहे. पण टोमॅटो वाचल्यावर मी दुसरं विचारायला लागलो: यंत्राला रुंद सरी लागते, वळायला जागा लागते, मग ज्याचं रान तुकड्यातुकड्यांचं आहे त्याचा ऊस कोण तोडणार? आणि यंत्राचा आकार ठरला तेव्हा हे तुकडे कोणाच्या डोळ्यांसमोर होते? या प्रश्नावर मात्र लोक तासभर बोलतात. एका काकांनी तर वही मागून सरीचं चित्र काढून दाखवलं.

पूल मी सिनॉप्सिसमधून काढला नाही. तळटीपेत नेलाय, योर्गेसच्या शेजारी. पहिल्या पानावर आता टोमॅटो आहेत. पुढचं सादरीकरण जूनमध्ये, त्याच मॅडमसमोर.