निवडलेले दफ्तर आणि उरलेले दफ्तर

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे नाव आपल्या घरांतून आजही आपुलकीने घेतले जाते. १८८९ ते १९२५ एवढा दीर्घ काळ ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधीत सिद्ध केले. या खंडांविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही त्यांचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येत नाही. हे दफ्तर इतर अभ्यासकांस कितपत खुले होते?

१८१८ नंतर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने त्याचा उपयोग केला तो इनामदारांचे हक्क तपासण्यासाठी. तेव्हापासून सरकारच्या लेखी हे कागद इतिहासाचे साधन नसून दाव्यांचा पुरावा ठरले, आणि पुरावा परक्याच्या हाती सहसा दिला जात नाही. राजवाडे गावोगावची घरे आणि माळे का धुंडाळीत हिंडले, याचे उत्तर आपण त्यांच्या विक्षिप्त, मानी स्वभावात शोधतो. काही उत्तर त्या मिटलेल्या दारातही आहे, असे आम्हांस वाटते.

सरदेसायांच्या खंडांत भर आहे तो राजकारण आणि मोहिमा यांवरील पत्रव्यवहारावर. हिशेब, वसुली, रोजकीर्दी यांचा प्रचंड भाग रुमालांतच राहिला. निवड म्हटली की काही गाळणे आलेच. त्याचा दोष आम्ही संपादकास देत नाही. दोष आहे तो व्यवस्थेचा. गाळलेले पाहण्याची मोकळीक इतरांस नसेल, तर वाचकास संपादकावर केवळ विश्वास ठेवता येतो, त्याची तपासणी करता येत नाही. पुण्याच्या संशोधकांनी त्या वेळी प्रवेशाविषयी जी तक्रार केली, तीत मत्सरही असेल. पण तिच्यातील तत्त्व खरे होते.

आता परकी सत्ता नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्र सरकारचे तीस वर्षांहून जुने, अगोपनीय कागद अभ्यासकांस खुले करण्याची तरतूद केली. मात्र आपल्या जुन्या संस्थानांची दफ्तरे बहुतांशी राज्य सरकारांकडे आहेत, आणि तेथील अनुभव निराळा आहे. संस्थानी काळात एका मराठी शाळेस मिळालेल्या अनुदानाचे कागद पाहण्यासाठी आम्ही अशा एका अभिलेखागारात गेलो. पहिल्या दिवशी ओळखपत्र आणि शिफारसपत्र यांत वेळ गेला. दुसऱ्या दिवशी सूची मिळाली. तीत आम्हांस हवी तीच वर्षे नव्हती. तिसऱ्या दिवशी रुमाल सापडला, परंतु 'जीर्ण आहे, देता येणार नाही,' असे सांगण्यात आले. कागद मोडीत होते आणि तेथे मोडी वाचणारे कोणी नव्हते. त्यामुळे तो रुमाल आमच्याच कामाचा होता की नाही, हेही ठरले नाही. नकार लेखी मागितला, तो मिळाला नाही. कर्मचारी उद्धट नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. त्यांस देण्यासारखे काही नव्हते, एवढेच.

आपल्या वसाहतींचा इतिहास आपण बहुधा कुलवृत्तान्त आणि स्मरणिका यांतून लिहितो, आणि समीक्षक त्यास भाबडा म्हणतात. तो आरोप अर्धा खरा आहे. कागद न दिसल्यामुळे आठवणींवर विसंबावे लागते, हे उरलेले अर्धे. यासाठी आम्ही दोनच गोष्टी मागतो. अभिलेखागारांनी आपल्या सूची छापाव्यात आणि नकाराचे कारण लेखी द्यावे. आणि आपल्या लेखकांनीही एक पथ्य पाळावे: जे दफ्तर पाहावयास मिळाले नाही, त्याचा उल्लेख प्रस्तावनेत स्पष्ट करावा. पुढे ज्या कोणास तो रुमाल सोडावयास मिळेल, त्यास निदान कोठून आरंभ करावा हे कळेल.