दोन सिंहासने, दोन हिशेब

एक साधी बेरीज करून पाहू. शलमोनाच्या मृत्यूनंतर त्याचे राज्य फुटले. उत्तरेकडे इस्राएल आणि दक्षिणेकडे यहूदा अशी दोन राज्ये झाली. उत्तरेत यराबाम आणि यरुशलेमेत रहबाम एकाच सुमारास गादीवर आले. पुढे येहू या सेनापतीने बंड केले आणि त्या एकाच बंडात इस्राएलचा योराम व यहूदाचा अहज्या असे दोन्ही राजे मारले गेले. म्हणजे दोन्ही गाद्या एकदमच सुरू झाल्या आणि एकदमच रिकाम्या झाल्या. मधल्या कारकिर्दींची बेरीज दोन्हीकडे सारखी यायला हवी. 'राजे' या ग्रंथातील आकडे मांडले तर इस्राएलचे आठ राजे (जिम्रीचे सात दिवस सोडून) २२, २, २४, २, १२, २२, २, १२ असे मिळून ९८ वर्षे भरतात. यहूदाचे सहा राजे १७, ३, ४१, २५, ८, १ असे ९५ वर्षे. तीन वर्षे कुठे गेली?

ही बेरीज मी पहिल्यांदा केली तेव्हा नकलाकारांच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा झालो होतो. एका लहानशा नियतकालिकात तसे लिहिलेही. तो उतावळेपणा होता, हे एडविन थीली यांच्या पुस्तकाने दाखवून दिले. 'द मिस्टीरियस नंबर्स ऑफ द हिब्रू किंग्ज' हे त्यांचे पुस्तक १९५१ साली आले. शिकागो विद्यापीठातील १९४३ च्या प्रबंधातून ते तयार झाले होते. या विषयात आजही त्याला वळसा घालून जाता येत नाही. मात्र त्याचा आधार देणारे पुष्कळ आणि ते शेवटपर्यंत तपासणारे थोडे, असे माझे मत झाले आहे.

आपल्याकडे जुने कागद वाचणाऱ्याला थीलींचा मूळ मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. शकाचे वर्ष गत की वर्तमान, विक्रम संवत चैत्रादी की कार्तिकादी, हे न पाहता तारीख काढली की एक वर्ष चुकलेच. दिवाळीच्या पाडव्याला गुजराती पेढीवरच्या वहीत संवत बदलतो, उत्तर हिंदुस्थानात तो चैत्रातच बदललेला असतो. राज्याभिषेक शक तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पालटतो. दोन कागदांत दोन आकडे दिसले म्हणजे एक खोटा, असे कोणी म्हणत नाही.

थीलींचे म्हणणे असेच आहे. राजा वर्षाच्या मध्ये वारला तर उरलेले महिने कोणाच्या नावावर टाकायचे? यहूदात ते नव्या राजाचे 'राज्यारोहणाचे वर्ष' धरत आणि त्याचे पहिले वर्ष पुढच्या वर्षारंभापासून मोजत. इस्राएलात तेच महिने नव्या राजाचे पहिले वर्ष ठरत. परिणामी तेच वर्ष जुन्या राजाच्या खात्यातही पडे आणि नव्याच्याही. शिवाय वर्षारंभ वेगळे होते, यहूदात तिश्री (सप्टेंबर-ऑक्टोबर) आणि इस्राएलात निसान (मार्च-एप्रिल). 'निर्गम' निसानला पहिला महिना म्हणतो आणि तरी ज्यूंचे नवे वर्ष सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, तिश्रीत, सुरू होते. कोकणातल्या बेने इस्राएलांचा 'नव्याचा सण' तोच.

आता बेरीज पुन्हा करा. इस्राएलच्या आठ राजांमागे एकेक वर्ष दोनदा मोजले गेले आहे. ९८ मधून ८ गेले, ९० राहिले. यहूदाच्या ९५ मधून तीन वर्षे जातात, कारण थीलींच्या मते यहोशाफाटाच्या २५ वर्षांतली पहिली तीन त्याने वडील आसाबरोबर राज्य केले होते. शेवटच्या दोन राजांच्या काळी यहूदाने इस्राएलची पद्धत उचलली, म्हणून आणखी दोन जातात. उरतात ९०.

शंकेखोर वाचक म्हणेल, हवे ते वजा करून हवे ते उत्तर काढले. मलाही तेच वाटले होते. मात्र इथे बाहेरचा साक्षीदार आहे. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या कुर्ख येथील शिलेवर इ.स.पू. ८५३ मधील कर्करच्या लढाईचे वर्णन आहे आणि शत्रूंच्या यादीत इस्राएलचा अहाब आहे. त्याच शल्मनेसराला येहूने खंडणी दिली ती ८४१ मध्ये. निमरूदला सापडलेल्या काळ्या स्तंभावर तिचे चित्रही कोरलेले आहे. दोन्ही वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अश्शूरच्या वर्षांचा हिशेब भक्कम आहे, कारण त्यांच्या अधिकाऱ्यांच्या वर्षवार यादीतले सूर्यग्रहण १५ जून ७६३ चे ठरते. अहाब आणि येहू यांच्यामध्ये बायबल दोन राजे सांगते, अहज्या २ वर्षे आणि योराम १२ वर्षे. झाली १४. पण ८५३ ते ८४१ फक्त १२! इस्राएलच्या रीतीने प्रत्येकी एक वर्ष वजा करा, बरोबर १२ उरतात. अर्थात अहाब कर्करच्याच वर्षी मेला आणि येहूने गादीवर येताच खंडणी भरली असे धरले तरच. जागा फार अरुंद आहे, तरी १४ वर्षे तिथे कोंबताच येत नाहीत. थीलींच्या पुस्तकातला हा भाग मला निर्विवाद वाटतो.

याच काळातला आणखी एक पुरावा मला त्याहून प्रिय आहे. यहूदाचा अहज्या योरामाच्या १२ व्या वर्षी गादीवर आला, असे '२ राजे'च्या आठव्या अध्यायात आहे. पुढच्याच अध्यायात ते वर्ष ११ वे आहे! एकाच ग्रंथात, एका पानाच्या अंतरावर. एक आकडा इस्राएलच्या रीतीचा, दुसरा यहूदाच्या जुन्या रीतीचा. त्या अहज्याची आई अथल्या ही इस्राएलच्या राजघराण्यातली. सुनेबरोबर हिशेबाची पद्धतही माहेरहून आली असावी. संकलकाला दोन दप्तरे मिळाली आणि त्याने दोन्ही जशीच्या तशी उतरवली. उलट प्राचीन ग्रीक भाषांतरात यहोशाफाट अम्रीच्या ११ व्या वर्षी गादीवर येतो, हिब्रूत अहाबाच्या चौथ्या वर्षी. आकडे कुणाला तरी खटकले होते आणि त्याने ते आपल्या समजुतीने नीट केले होते, असा माझा तर्क आहे.

इथपर्यंत मी थीलींबरोबर आहे. इ.स.पू. आठव्या शतकात मात्र त्यांचे हत्यार बोथट होते. पेकहाने २० वर्षे राज्य केले असे बायबल सांगते. पण सुमारे ७३८ मध्ये मनहेम अश्शूरला खंडणी देताना दिसतो, त्यानंतर पेकह्याची दोन वर्षे, आणि ७३२ च्या सुमारास पेकह संपून होशे गादीवर. या सहा वर्षांत २० वर्षे बसवायची कशी? थीली म्हणतात, पेकह ७५२ पासूनच गिलादमध्ये स्वतंत्र राजा म्हणून बसला होता. आधार काय, तर पेकह्याच्या खुनाच्या वेळी त्याच्याबरोबर गिलादचे ५० पुरुष होते. एवढ्यावर बारा वर्षांचे राज्य उभे करायचे?

त्यानंतर हिज्कीया. त्याच्या सहाव्या वर्षी शोमरोन पडले, म्हणजे सुमारे ७२२. त्याच्या १४ व्या वर्षी सन्हेरीब चालून आला, म्हणजे ७०१. आठ वर्षांचे अंतर एकवीस होते. इथे थीली हात टेकतात आणि होशे-हिज्कीयांचा मेळ नंतरच्या संपादकाने चुकून घातला असे लिहितात. त्यांच्या अनुयायांना हे सहन झाले नाही. त्यांनी हिज्कीयाला वडील आहाजाबरोबर तेरा-चौदा वर्षे गादीवर बसवून बायबल वाचवले.

सहशासन ही गोष्ट खोटी नाही. उज्जीयाला कोड झाल्यावर योथाम कारभार पाहत होता, हे ग्रंथच सांगतो. यहोशाफाट जिवंत असताना यहोराम राज्य करू लागला, हेही. असा शब्द असेल तिथे सहशासन धरावे. हिज्कीयाच्या बाबतीत तो नाही. गणित जुळत नाही म्हणून आणलेले सहशासन हा पुरावा नव्हे, जुळवाजुळव आहे. अनुयायांवर मी जो आक्षेप घेतो तोच पेकहाच्या बाबतीत गुरूवरही घ्यावा लागतो. हिज्कीयापाशी चूक कबूल करणाऱ्या थीलींनी पेकहापाशी तेवढेच धैर्य का दाखवले नाही, याचे उत्तर त्यांच्या पुस्तकात मला सापडले नाही.

मी घरी केलेल्या तक्त्यात ९० चा मेळ आता शाईने लिहिला आहे. पेकहासमोर २० हा आकडा आहे तसाच आहे, आणि त्याच्या शेजारचा इसवी सनाचा रकाना मी कोरा ठेवला आहे.