ध्रुवाची साक्ष

सुरतेच्या रात्रीची जी छायाचित्रे अलीकडे पाहावयास मिळतात, त्यांपैकी कित्येकांत तापीच्या पुलांवर आकाशगंगा झळाळते. आम्हां वकिलांस ही साक्ष संशयास्पद वाटते. नगराच्या दिव्यांत जी लोपली, ती अन्यत्र टिपून येथे चिकटविलेली असावयाची! नेगामवालांनी १८९८ साली जेऊरच्या खग्रास ग्रहणात सूर्यकिरीटाचा वर्णपट टिपला, तो पुरावा म्हणून, शोभेसाठी नव्हे. शिकाऊ हौशाने उत्तरेस, क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवरचा ध्रुव धरावा. दिव्यांच्या उजेडाने एकच दीर्घ चित्र पांढरे पडते. म्हणून ट्रायपॉड न हलविता तासभर लागोपाठ अल्पावधीची चित्रे घेऊन ती जोडावीत. तारे १५ अंशांचे कंस रेखितात. ध्रुवही किंचित सरकलेला आढळतो; पुराणिकबुवांना हे कोणी सांगावे?